अभियंत्याची वाणी

मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांतून अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांत मराठी शाळांतून शिकलेले पुष्कळ असतात. पहिल्याच वर्षी गणित, यंत्ररेखन इत्यादी विषयांच्या जोडीस 'संवादकौशल्य' नावाचा विषय त्यांच्यापुढे येतो. इंग्रजीतून स्वतःचा परिचय कसा करून द्यावा, गटचर्चेत तोंड कसे उघडावे, मुलाखतीस कसे बसावे, हे त्यात शिकवितात. हे शिकवावे की नाही, याविषयी आमच्या मते आता वाद नको. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तक कधी आले नाही, त्यास महाविद्यालयानेही ती भाषा देऊ नये आणि वर मातृभाषेच्या अभिमानावर व्याख्यान ऐकवावे, ही निष्ठुरता होय. व्याख्यात्याची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत जात असली म्हणजे तर विशेषच. विचार करण्याजोगा प्रश्न निराळा आहे. इंग्रजी शिकविता शिकविता आपण त्या मुलाच्या योग्यतेविषयी कोणता निवाडा देत असतो?

वर्गात इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलास 'याला बोलता येत नाही' असे सहज म्हटले जाते. हाच मुलगा म्हसा येथील यात्रेत बैलाची किंमत ठरविताना कोणी पाहिला असेल, तर त्यास हा शेरा मोठा चमत्कारिक वाटेल. समोरच्याचा कल ओळखणे, आपला मुद्दा राखून दुसऱ्याचे ऐकणे, हे सारे तो जाणतो. त्याला येत नाही ती एक भाषा. एका भाषेची उणीव आणि वाणीचीच उणीव यांतील हा भेद १८२३ च्या सुमारास मुंबईत कॅप्टन जर्विस यांना चांगला कळला होता. त्यांच्या देखरेखीखाली स्थापत्यविद्या देशी भाषांतून शिकविली जात असे आणि गणिताचे ग्रंथ त्यांनी त्यासाठी मराठीत उतरविले. पुढे शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा कैवार घेत असता, १८४७ मध्ये देशी भाषांची बाजू मांडणारेही हेच जर्विस. उच्च शिक्षणात पेरीपक्षाचा जय झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने देशी भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली ती २०२१ साली.

परंतु भाषेचा प्रश्न सुटला तरी वाणीचा सुटत नाही. २७ जानेवारी १८८६ नव्हे, १९८६ च्या रात्रीची, म्हणजे अगदी आपल्या काळातली गोष्ट घ्या. अमेरिकेतील थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी बजाविले की, एवढ्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कड्या दगा देतील, उड्डाण करू नये. वरिष्ठांनी ते मानले नाही. दुसऱ्या दिवशी 'चॅलेंजर' यान आकाशात फुटले व सात जण मृत्यू पावले. या अभियंत्यांना इंग्रजी शिकविण्याची गरज खासच नव्हती. ते बोलले, आधार देऊन बोलले. ऐकणाऱ्यांना ऐकावयाचे नव्हते.

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे पाहावे. त्यातील बहुतेक बोलणे वरच्याकडे तोंड करून आहे, आणि तेही वरच्यास प्रसन्न करण्यासाठी. वरिष्ठास 'हे चुकते आहे' असे सभ्यपणे पण न डगमगता कसे सांगावे, याचा सराव त्यात कितीसा असतो? आणि खालच्याशी बोलणे? मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत उद्या हा मुलगा पाळीवर उभा राहील, तेव्हा फिटरला, गवंड्याला, कंत्राटी मजुराला धोका समजावून सांगणे हे त्याचेच काम. तेथे गुळगुळीत इंग्रजी निरुपयोगी आहे. ज्या गावच्या बोलीची वर्गात त्यास लाज वाटावयास लावली, तीच तेथे कोणाचा तरी हात यंत्रात जाण्यापासून वाचवील. लाज एकदा अंगी मुरली म्हणजे ती भाषेपुरती राहत नाही. मनुष्य शंका विचारण्याचेच टाळू लागतो, आणि शंका न विचारणारा अभियंता ही भयंकर वस्तू आहे.

म्हणून परीक्षा जरा बदलून पाहण्यास हरकत नाही. विद्यार्थ्यापुढे एक सदोष आराखडा ठेवावा. त्यातील दोष त्याने आधी कार्यशाळेतील कामगारास मराठीत समजावून द्यावा, मग इंग्रजीत टिपण लिहून परीक्षकास द्यावे, आणि परीक्षकाने मुद्दाम म्हणावे, 'असू द्या, काम चालू करा.' गुणांचा मोठा वाटा यानंतर तो मुलगा काय उत्तर देतो त्यास राखून ठेवावा. ते उत्तर मोडक्या इंग्रजीत आले तरी चालेल.