नाम, नामार्थ आणि नामी

चंदगडचे ग्रामदैवत रवळनाथ. ‘रवळ’ आणि आपल्या ग्रंथांतील ‘राऊळ’ हे शब्द कानास इतके जवळचे वाटतात की, श्रीचांगदेव राऊळ व श्रीगुंडम राऊळ यांच्याशी त्या देवतेचा संबंध असावा, असे त्या भागातील भाविकास सहज वाटावे. हा समज तपासणे साधकास अगत्याचे आहे. कारण नामस्मरणातील चूक केवळ शब्दाची चूक राहत नाही.

‘राऊळ’ हा शब्द ‘राजकुल’ यापासून आला. त्याने राजवाडा सांगितला, देवालय सांगितले, सत्पुरुषांच्या नावामागे तो आदराने लागला आणि कोकणात आडनावही झाला. रवळनाथाच्या नावाविषयी विद्वानांत मतभेद आहेत; ते कसेही मिटोत, व्युत्पत्ती शब्दाचे कूळ सांगते, नामी कोण हे सांगत नाही. खुद्द चंदगडचेच पाहा. हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापुरास जोडला गेला. ‘बेळगाव जिल्ह्यातील तालुका’ हे वर्णन तेव्हा खोटे झाले, ‘चंदगड’ हे नाव झाले नाही. वैयाकरणांनी जाती, गुण व क्रिया यांच्या वाचक शब्दांहून यदृच्छाशब्द निराळा मानला, तो उगीच नव्हे.

मग देह हाच नामी म्हणावा काय? भडोच येथे प्रधान विशाळदेवांचे पुत्र हरिपाळ निवर्तले आणि द्वारावतीस पुरत्याग केलेल्या श्रीचांगदेव राऊळांनी ते पुर स्वीकारले, अशी परंपरा आहे. पुढे तेच सर्वज्ञ श्रीचक्रधर. पित्यास मात्र ते हरिपाळच होते. शब्द तोच, देह तोच, नामी वेगळा! पित्याची हाक लटकी होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. व्यवहारात नाम देहापर्यंत पोचले म्हणजे त्याचे काम भागते. साधकाचे तेवढ्याने भागत नाही. म्हणूनच परमार्गात नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण एकत्र सांगितले आहे. एकट्या नामाने ‘कोणाचे?’ हा प्रश्न उरतो. लीळा त्याचे उत्तर देते. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून लीळा जमविल्या, त्या श्रमाचे मोल येथे कळते.

देवता आणि परमेश्वर हे शास्त्रात भिन्न पदार्थ आहेत. उच्चारसाम्याने ते एक होत नाहीत. तेव्हा चंदगडकडील कोणी मुमुक्षू हा प्रश्न घेऊन आला, तर त्याच्यापुढे शब्दकोश उघडू नये. खराटा घेऊन द्वारावतीच्या वाटा झाडणाऱ्या श्रीचांगदेव राऊळांची लीळा त्यास सांगावी. आणि ती सांगताना त्याच्या गावच्या रवळनाथाची निंदा करू नये.