शांतता कोणी राखायची?

शांतता राखण्याचा उपदेश बहुधा ज्याला मार बसला आहे त्यालाच केला जातो. मारणाऱ्याला तो क्वचितच ऐकावा लागतो. आणि दुरून पाहणारा तर स्वतःच उपदेशक होऊन बसतो. अहिंसक प्रतिकाराविषयी लिहावयास बसलो असता हा तिसरा माणूस आमच्या डोळ्यांसमोरून हलेना. कारण उघड आहे. तो आम्हीच आहोत.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामात पाड्यांवरच्या बायका वाड्यांत मजुरीला येत. पुरुषांइतकेच तास राबत, मजुरी मात्र कमी मिळे. एका रविवारी मिस्सा संपवून आम्ही बाहेर आलो, तर वीस-बावीस बायका चर्चच्या फाटकाबाहेर रांगेने बसलेल्या. घोषणा नाहीत, फलक नाही. पुढ्यात रिकाम्या टोपल्या. वाडीचे मालक आणि धर्मग्राम मंडळाचे सभासद अशा दुहेरी नात्याने आम्ही पुढे झालो व म्हणालो, “बायांनो, हे देवाचे दार आहे. इथे भांडण नको.” त्यांतली एक वयस्क बाई वर न पाहता म्हणाली, “भांडतंय कोण, शेट? आम्ही बसलोय.”

त्या वेळी आम्हाला उत्तर सुचले नाही. तिच्या बोलण्याचा अर्थ उमगावयास पुढे आम्हाला दूरदेशीच्या एका तुरुंगातून लिहिलेले पत्र वाचावे लागले.

१९६३ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरी, कृष्णवर्णीयांनी सत्याग्रह आरंभला. मागण्या साध्या होत्या. ज्या दुकानात पैसे मोजून कापड घेता येते, तेथील उपाहारगृहात बसून खाता यावे. पाण्याच्या नळावर रंगभेदाची पाटी नसावी. विक्रेत्याची नोकरी मिळावी. त्यांचे शस्त्र म्हणजे खरेदीवरील बहिष्कार, आणि मुहूर्त ईस्टरचा. ईस्टरला मुलाबाळांना नवे कपडे घेण्याची रीत आपल्याकडे आहे तशी तेथेही आहे, आणि व्यापाऱ्यांची मोठी कमाई त्या दिवसांत होते. स्वयंसेवकांकडून प्रतिज्ञापत्रावर सही घेतली जाई. त्यात दहा नियम होते. पहिला नियम येशूच्या जीवनाचे व शिकवणुकीचे दररोज मनन करण्याचा. आणखी एक नियम मुठीच्याच नव्हे, तर जिभेच्या व अंतःकरणाच्या हिंसेपासूनही दूर राहण्याचा. हा दुसरा नियम पाळणे किती अवघड, हे ज्याने भावकीतला वाद पाहिला आहे त्याला सांगावयास नको.

१२ एप्रिल, गुड फ्रायडेच्या दिवशी, न्यायालयाचा मनाईहुकूम मोडून मार्टिन ल्यूथर किंग यांनी अटक करवून घेतली. नेमके त्याच दिवशी अलाबामातील आठ गोऱ्या धर्मनेत्यांनी एक निवेदन काढले. निदर्शने अकाली व अविचारी आहेत. कृष्णवर्णीयांनी त्यांपासून दूर राहावे, न्यायालयात जावे, वाटाघाटी कराव्यात, असा त्याचा आशय होता. शांतता राखल्याबद्दल पोलिसांची त्यात वाखाणणीही होती. या आठांपैकी सात ख्रिस्ती, एक ज्यू रब्बी. त्या सातांत एक कॅथलिक होते, सहायक बिशप जोसेफ ड्युरिक. ही माणसे दुष्ट नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी वंशभेदाच्या बाजूने कायदा धुडकावू पाहणाऱ्यांविरुद्ध निवेदन काढले होते. शिवाय शहरात नुकतीच निवडणूक होऊन तुलनेने सौम्य महापौर निवडून आला होता. त्यांनी ‘थांबा’ म्हटले त्याला कारण होते. ‘थांबा’ म्हणणाऱ्याकडे कारण नेहमीच असते.

किंग यांनी वर्तमानपत्राच्या समासांत उत्तर लिहावयास घेतले. उघड वैर करणाऱ्यापेक्षा संयमाचा सल्ला देणारा सज्जन आपल्याला अधिक कष्टी करतो, हे त्यांचे म्हणणे वाचताना आम्हाला आमचे फाटक आठवले. त्याच पत्रात त्यांनी संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्वायनस यांचा आधार घेतला, आणि काही वर्षांपूर्वी स्प्रिंग हिल कॉलेजची दारे सर्वांना खुली करणाऱ्या कॅथलिक पुढाऱ्यांचे नाव आदराने घेतले. निंदा करतानाही समोरच्याचे चांगले काम विसरावयाचे नाही, ही जिभेची अहिंसा.

‘थांबा’ हा शब्द आपल्या कोकणालाही परका नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून ठराव केला. आणि चवदार तळ्याचे पाणी होते तिथेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या बांधवांसह तळ्यावर चालत गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या. बाबासाहेबांनी आपल्या माणसांचा हात आवरला. तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. आठ धर्मनेत्यांनी सुचविलेली न्यायालयाची वाट ती हीच. एका ओंजळीसाठी दहा वर्षे. मात्र महाडात तिसरा माणूस काठावरच उभा राहिला असे नाही. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी आपापल्या जातीचा रोष पत्करून साथ दिली.

आपण ख्रिस्तीजन दुसरा गाल पुढे करण्याचे वचन लगेच सांगतो, आणि तेही बहुधा दुसऱ्याच्या गालाविषयी. पण महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभू येशू गप्प राहिला नाही, असे संत योहान नोंदवतो. त्याने उलट हात उगारला नाही. मारण्याचे कारण मात्र विचारले. अहिंसक प्रतिकाराचे सारे बळ आम्हाला त्या विचारण्यात दिसते. हात न उगारता विचारलेला प्रश्न भोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकावा लागतो.

इथे एक शंका मनाला बोचते. बर्मिंगहॅममध्ये २ मे रोजी हजारावर विद्यार्थी मोर्चाने निघाले. काही तर अगदी कोवळ्या वयाचे. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पोलिसांचे कुत्रे व अग्निशामक दलाच्या पाण्याचे झोत सोडण्यात आले. ती छायाचित्रे जगभर गेली, १० मे रोजी समझोता झाला, पुढच्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला. पण लेकरांना पुढे करण्याचा अधिकार कोणाला? आईबाप म्हणून आम्हाला याचे ठाम उत्तर देता येत नाही. १५ सप्टेंबरला, रविवारी, ज्या चर्चमधून ती मुले निघाली होती तेथेच बॉम्बस्फोट होऊन चार मुली मेल्या. त्या दिवशी त्या कोणत्याही मोर्चात नव्हत्या. त्या चर्चमध्ये होत्या. घरी ठेवलेले मूल सुरक्षित राहते, हा आपला हिशेबही तितकासा खरा नसावा.

बिशप ड्युरिक यांचे पुढे काय झाले? १९६४ साली ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल धर्मप्रांतात गेले. १९६८ साली किंग यांची हत्या झाली ते मेंफिस शहर तेव्हा त्याच धर्मप्रांतात मोडत असे. एव्हाना ड्युरिक वंशसमतेचे उघड पुरस्कर्ते झाले होते, आणि आपल्याच गोऱ्या धर्मबांधवांचा राग झेलत होते. १९७५ साली त्यांनी बिशपपद सोडले व कैद्यांच्या सेवेला वाहून घेतले. १९९४ साली ते निवर्तले.

आमच्या फाटकाशी त्या बायका आणखी दोन रविवार बसल्या, मग येईनाशा झाल्या. शांतता झाली म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या वाडीत बाई-गड्याची मजुरी सारखी झाली ती चार वर्षांनी. पहिल्या आठवड्याची मजुरी वाटताना आम्ही त्या वयस्क बाईची चौकशी केली. तिच्या सुनेने सांगितले, तिला आता दिसत नाही. ती घरीच असते.