निरोपानंतरची भेट

पनवेल येथील एका गृहस्थांनीं आम्हांस एक प्रश्न विचारिला आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर देतांना आम्हांस पुष्कळ विचार करावा लागला, म्हणून तो वाचकांपुढें मांडावा असें वाटतें. हे गृहस्थ पोलीस खात्याच्या श्वानपथकांत नोकरीस होते. स्फोटकें हुंगून काढणारी लॅब्राडोर जातीची एक कुत्री आठ वर्षें त्यांच्या हाताखालीं होती. तिचें खाणेंपिणें, दुखणेंखुपणें, सराव व पहारा हें सर्व त्यांच्याच हातून होई. ती निवृत्त झाली तेव्हां त्यांच्या दोन खोल्यांच्या घरांत आई अंथरुणास खिळलेली होती. कुत्रीला ठेवणें शक्य झालें नाहीं. कर्जतच्या बाजूस शेतीवाडी असलेल्या एका भल्या कुटुंबानें तिला घेतलें.

सहा महिन्यांनीं गृहस्थ तिला भेटावयास गेले. जातांना तिचा कामाचा जुना पट्टा आठवण म्हणून पिशवींत घालून नेला. कुत्रीनें फाटकापासूनच त्यांस ओळखलें. ती विव्हळली, अंगावर झेपावली आणि मग त्यांच्या डाव्या पायाशीं, कामावर असतां बसे तशी, ताठ बसून राहिली. संध्याकाळीं ते निघून आले. त्यानंतर दोन दिवस ती फाटकापाशींच होती. तिनें अन्नाला तोंड लाविलें नाहीं. त्या घरांतील लहान मुलगा तिच्याजवळ बसून रडला. हें वर्तमान कळल्यावर गृहस्थ आम्हांस विचारतात, “मी पुन्हां जाऊं कीं न जाऊं?”

कोणी म्हणेल, जनावर तें. चार दिवसांत विसरेल. परंतु तें विसरत नाहीं असें दिसतें. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथें केलेले प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत आईपासून लहानपणीं दूर गेलेलीं कुत्रीं व त्यांच्या आया यांनीं सुमारें दोन वर्षांनंतरही एकमेकांचा वास ओळखला. हा वास ओळखण्याचा गुणच तर आपण कामास लावितों. ज्या नाकानें पुरलेलें स्फोटक शोधून काढावयाचें, त्याच नाकानें धन्यास विसरावें, अशी अपेक्षा कशी करावी?

दुसरा कोणी म्हणेल, मग त्याला दुसऱ्याच्या घरीं देणें हेंच मुळीं पाप. हेंही खरें नाहीं. हंगेरींतील अभ्यासकांनीं २००१ सालीं दाखविलें कीं, निराधार कुत्र्यांच्या आश्रमांतील प्रौढ कुत्रीं एखाद्या अनोळखी माणसाच्या दहा-दहा मिनिटांच्या अवघ्या तीन भेटींनंतर त्याच्याशीं लळा जडल्यासारखीं वागूं लागतात. अंधांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांचें उदाहरण याहून बोलकें आहे. असें पिल्लूं सुमारें वर्षभर एका कुटुंबांत वाढतें, मग शिक्षकाकडे जातें आणि शेवटीं अंध धन्याच्या स्वाधीन होतें. अशीं दोन ताटातुटी सोसलेलीं कुत्रीं इटलींतील अभ्यासकांनीं तपासलीं. धन्याशीं त्यांचें नातें पूर्वीच्या वियोगानें बिघडलेलें त्यांना आढळलें नाहीं. म्हणजे कुत्र्याच्या मनांत जुनें घर पुसलें जात नाहीं, आणि नव्या घरालाही तेथें जागा मिळते. ही देणगी पुष्कळ माणसांनाही लाभलेली नसते.

हा लळा माणसापुरताच नसतो. मुंबईवर २००८ सालच्या नोव्हेंबरांत हल्ला झाला तेव्हां मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर या पोलिसांच्या चार श्वानांनीं स्फोटकें शोधण्याचें काम केलें. निवृत्तीनंतर त्यांना विरार येथील एका शेतावर आसरा मिळाला. २०१६ च्या एप्रिलांत मॅक्स गेला, जूनमध्यें सुलतान, जुलईंत टायगर. मागें राहिलेला सीझर उदास झाल्याचें वर्तमानपत्रांनीं त्या वेळीं लिहिलें. ऑक्टोबरांत तोही गेला. त्यांच्या वृद्धापकाळीं एक गोष्ट मात्र चांगली झाली होती: पथकांतल्या सोबत्यांची संगत तुटली नव्हती.

आतां या प्राण्यांचें आपणांवर ऋण किती, तें पाहूं. मुंबईंत १२ मार्च १९९३ रोजीं स्फोट झाले. त्या काळांत ‘जंजीर’ नांवाच्या श्वानानें तीन हजार किलोंहून अधिक आर. डी. एक्स. हुडकून दिलें. २००० सालीं तो मेला तेव्हां पोलिसांनीं त्यास मानवंदना दिली. शिपाई नोकरी पत्करतो तेव्हां त्याला धोका ठाऊक असतो. त्याला पगार असतो, निवृत्तिवेतन असतें. कुत्र्यानें कोणत्याही कागदावर सही केलेली नसते. तें केवळ आपल्या माणसाच्या खुशीसाठीं मृत्यूच्या तोंडाशीं नाक नेतें. इतकें असूनही आपल्या लष्करांत कामास निरुपयोगी झालेल्या श्वानांना मारून टाकण्याची रीत होती, हें २०१५ सालीं माहितीच्या अधिकारांतून उघड झालें. पुढें दाद मागितली गेली, आणि त्यांना सांभाळण्याची व नागरिकांच्या घरीं देण्याची वाट मोकळी झाली. ही गोष्ट समाधानाची खरी; परंतु जीव राखला म्हणजे ऋण फिटलें असें नव्हे. ज्या घरीं तो दिला त्या घराचा त्यास होऊं देणें, हाही त्या ऋणाचाच भाग आहे.

येथें आपण मूळ प्रश्नापाशीं येतों. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील अनेक कुटुंबांनीं आपलीं कुत्रीं सैन्यास दिलीं होतीं. त्यांतील ‘चिप्स’ नांवाचा कुत्रा सिसिलींत लढला आणि १९४५ च्या डिसेंबरांत आपल्या मूळ घरीं परतला. अशा कुत्र्यांना परत धाडण्यापूर्वीं घरगुती राहणीची संवय पुन्हां लावीत असत. पण तें परत येणें कायमचें होतें. आमच्या गृहस्थांची भेट एका दुपारची होती. मूल शाळेच्या वसतिगृहांत राहिलें तर आई त्यास सांगते, “दिवाळीला नेईन हो.” मूल रडतें, पण दिवस मोजतें. कुत्र्याला दिवाळी सांगतां येत नाहीं. आपण भेटून निघालों कीं त्याच्या लेखीं तो पुन्हां एकदां झालेला त्यागच होय.

म्हणून प्रत्येकानें आपल्या मनाला विचारावें: मी जातों तो कोणासाठीं? आपण अजून आठवणींत आहों, हें पाहण्याची तहान फार खोल असते, आणि ती प्रेमाचें पांघरूण घेऊन येते. उलट, “त्याला त्रास होतो, म्हणून मी जात नाहीं,” असें म्हणणाराही कधीं कधीं आपल्याच डोळ्यांतील पाणी टाळीत असतो. दोघांसही कसोटी एकच आहे. भेटीच्या क्षणीं कुत्री किती नाचली, यावरून भेटीचें मोल ठरत नाहीं. आपण निघून आल्यानंतरच्या दोन दिवसांवरून ठरतें.

आमच्या गृहस्थांस आम्ही असें कळविलें आहे. प्रथम त्या कुटुंबाची मर्जी विचारावी, कारण आतां ती त्यांची आहे. एकट्यानें तिला बाजूस नेऊं नये. घरच्यांसह तिच्याबरोबर शेतावर फिरावें. तिला खाऊ द्यावयाचा तर त्या मुलाच्या हातून द्यावा. ती त्याच्याजवळ स्वस्थ पडली असतां, गाजावाजा न करतां निघावें. अशा भेटी थोड्या थोड्या दिवसांनीं होत राहिल्या, तर हा माणूस येतो आणि जातो, त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं, हें ती संवयीनें शिकेल. मात्र इतकें करूनही ती उपाशी राहूं लागली, तर न जाणें हीच त्यांची तिच्यासाठीं शेवटची चाकरी समजावी. तिनें आठ वर्षें त्यांच्यासाठीं केली. त्यांनीं एवढी करावी.

आणि एक गोष्ट. पट्टा पाहून तिनें कामावरची बैठक घेतली. तिला वाटलें, धनी भेटावयास नव्हे, कामावर न्यावयास आला. मग ती फाटकापाशीं वाट पाहत राहिली, यांत नवल तें काय? तो पट्टा त्यांनीं पुढच्या खेपेस घरींच खुंटीवर ठेवावा.