हजर कोण?



ताथवड्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आपल्याच एका मुलाने परवा माझ्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला. पायांपुढे खोल खड्डा! आपण सपाट फरशीवर आहोत हे ठाऊक असूनही पाऊल उचलेना. (पाहणारे हसत होतेच.) अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी अशाच आभासी खड्ड्याच्या काठावर माणसांच्या हृदयाचे ठोके मोजले. ते वाढले. 'आपण तिथे आहोत' या जाणिवेचे ते माप, असे त्यांनी २००२ साली मांडले.

पण मोजली गेली ती जाणीव. खड्डा तर नव्हताच.

त्याच वर्षी व्हॅटिकनच्या इंटरनेटविषयक पत्रकाने बजावले, की ख्रिस्तप्रसादातील प्रभूच्या खऱ्या उपस्थितीची जागा आभासी वास्तव घेऊ शकत नाही. २०२०च्या टाळेबंदीत मोबाईलवर मिस्सा पाहताना अनेकांचे डोळे भरून आले. ते अश्रू खोटे कसे म्हणू? भक्ती खरीच होती. प्रसाद मात्र जिभेवर आला नव्हता. उलट वेदीपाशी उभा असताना माझे मन कधी छपराच्या गळतीकडे जाते. ठोके संथ, प्रभू तिथेच.

अंथरुणाला खिळलेल्या एक आजी अजून मोबाईलवरच मिस्सा पाहतात. पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो. त्यांनी आधी माझा हात धरला, मग मोबाईल बंद केला.