हयात कवीची चाल

देपालपुर हा इंदूर जिल्ह्यातला शेतीवाडीचा तालुका. इथून इंदूर ओलांडून पुढे गेले की देवास लागते, आणि माळव्यात मराठी कवितेच्या गाण्याविषयी बोलायचे तर देवासपासूनच सुरुवात करावी लागते. भा. रा. तांबे यांचे आयुष्य देवास-ग्वाल्हेरसारख्या संस्थानांत गेले. गाणे त्यांच्या इतके अंगात भिनलेले, की कितीतरी कवितांच्या माथ्यावर ते राग आणि ताल लिहून ठेवीत. १९४८ मध्ये क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व देवासला राहायला आले आणि पुढे त्यांनी ‘तांबे गीतरजनी’ हा कार्यक्रम उभा केला. तो ऐकायला कवी नव्हता. तांबे १९४१ मध्येच गेले होते.

हा उशीर मला खटकतो. कारण मराठी भावगीत जन्मले ते समकालीन कवितेतूनच. १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांच्या कवितेची ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा कवी मेहकरात राहून लिहीत होते. हृदयनाथ मंगेशकरांनी ग्रेस आणि सुरेश भट यांच्या कवितांना चाली दिल्या त्याही या कवींच्या हयातीतच. मग गाडी अडली कुठे? माझ्या मते, मुक्तछंदापाशी.

आपल्या चालीला मुखडा लागतो, अंतरा झाला की परत मुखड्यावर यावे लागते, आणि समेवर यायचे म्हणजे ओळींची लांबी जुळावी लागते. मुक्तछंदातली ओळ एकदा येते आणि पुढे निघून जाते. एक ओळ दोन शब्दांची, दुसरी वीस शब्दांची. तिला केरव्यात बसवायचे तर कुठे शब्द ताणायचा, कुठे गिळायचा, आणि कवितेची गती गेली ती गेलीच. अरुण कोलटकरांच्या कवितेपाशी संगीतकार थबकतो तो यामुळे.

इथे एक गळा आणि एक पियानो ही जोडी उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते. संगीतकार शूबर्टने १८१५ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, जर्मन कवी ग्योथेच्या ‘एर्लक्योनिग’ या कवितेला चाल दिली, ग्योथे तेव्हा हयात होता. पियानोवर उजव्या हातात एकच स्वर तिप्पट लयीत धडधडत राहतो, तो घोड्याच्या टापांचा. निवेदक, बाप, आजारी मुलगा आणि त्याला भुलवणारा पिशाच्चराजा हे चौघेही एकच गायक गातो. शेवटी टापा थांबतात आणि मुलाच्या मृत्यूचे शब्द गायक जवळजवळ बोलूनच सांगतो. मुखडा कुठेही नाही. गोष्ट जशी पुढे सरकते तशी चाल सरकते, आणि तिला धरून ठेवतो तो पियानो.

आक्षेप ठाऊक आहे. पियानोवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. याच कारणाने आकाशवाणीने पेटीवर कित्येक वर्षे बंदी घातली होती. पण हा आक्षेप संगतीला लागू पडतो. पेटीवाला गायकाच्या पाठोपाठ त्याचेच स्वर उचलतो, तेव्हा कमअस्सल स्वर टोचतो. पियानोने गळ्याच्या मागे जायचेच नाही. मींड गळ्याने घ्यावी. पियानोने कवितेतली खोली, रस्ता, पाऊस सांभाळावा आणि गळा स्वर ओढत असताना गप्प बसावे. मात्र त्यासाठी पियानोचा भाग आधी नीट लिहून काढावा लागेल. आयत्या वेळी कॉर्ड धरून भागणार नाही. आपल्याकडे कमी पडते ती ही मेहनत. वाद्य आता डिजिटल पियानोच्या रूपाने तालुक्यापर्यंतही येऊ शकते.

इंदूर-देवासच्या मराठी मंडळांना म्हणून एक विनंती. भावगीतांच्या पुढच्या कार्यक्रमात जुन्या वीस गाण्यांतले एक कमी करा. त्या जागी आज लिहिणाऱ्या एखाद्या कवीची मुक्तछंदातली कविता नव्या चालीत गाऊन घ्या, आणि त्या कवीला पहिल्या रांगेत बसवा.