राणी नसल्याचा संशय

मधमाश्यांच्या पेटीत राणी दिसली नाही, म्हणून ती नाहीच असे म्हणता येईल काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण शिरूर-दौंड पट्ट्यात डाळिंबाच्या बहारात किंवा कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर भाड्याने पेट्या ठेवणाऱ्यापुढे तो उभा राहिला, की त्यात हजारो जीव आणि दोन माणसांचा व्यवहार अडकतो.

राणी राज्य करीत नाही, हे आधी सांगायला हवे. अरबी परंपरेत माश्यांच्या प्रमुखाला 'यासूब' म्हणत आणि तो नर समजला जाई. ॲरिस्टॉटलही राजाच म्हणतो. सूरह अन्-नहलमधली मधमाशीला दिलेली आज्ञा मात्र व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे. १७ व्या शतकात स्वामरडॅमने विच्छेदन करून त्या 'राजा'च्या पोटातली अंडाशये दाखवली. यावरून धर्मग्रंथात विज्ञान शोधणाऱ्यांना आनंद होतो. मला त्या वादात पडायचे नाही. राणी गेली म्हणजे अंडी थांबली, एवढेच इथे महत्त्वाचे.

राणी गेली की कामकरी माश्या एखाद्या कोवळ्या अळीला रॉयल जेली चारून नवी राणी घडवतात. मेलिफेरा जातीत ती १२-१३ दिवसांत बाहेर पडते. मग तिचे उड्डाण, नरांशी मीलन, आणि नंतर अंडी. यात सुमारे महिना जातो. कामकरी माशी मात्र अंड्यापासून २१ दिवसांत पूर्ण होते. म्हणून तीन आठवड्यांनंतर काही दिवस पेटीत अंडे नाही, अळी नाही, कोषही नाही. पाहणारा म्हणतो, पेटी संपली! आणि आत सडपातळ कुमारी राणी फिरत असते, सहसा नजरेस न पडणारी. अशा वेळी विकतची राणी सोडली, तर माश्या बहुधा तिला मारून टाकतात.

थांबणेही निर्दोष नाही. राणी खरोखरच नसेल, तर काही कामकरी माश्या स्वतः अंडी घालू लागतात. एकेका घरात चार-चार, भिंतीला चिकटलेली. त्यांतून फक्त नर निपजतात. आपल्या सातेरीत हे आणखी लवकर होते.

जाणकार अशा वेळी तहकीक करतो. दुसऱ्या सशक्त पेटीतली अंडी व कोवळ्या अळ्यांची एक चौकट, तिच्यावर राणी नाही हे पाहून, माश्या झटकून, संशयित पेटीत ठेवतो. तीन-चार दिवसांत तिच्यावर राणीघरे बांधली गेली, तर राणी नव्हती. नाही बांधली, तर बहुधा आहे. शिवाय अळ्यांच्या सान्निध्यात कामकरी माश्यांचे अंडी घालणे दबते, त्यामुळे संशय खोटा ठरला तरी पेटीचे नुकसान नाही. दुसऱ्या पेटीची एक चौकट मात्र जाते. तेवढी किंमत मला रास्त वाटते.

अवघड भाग पुढेच आहे. अळ्या नसलेल्या पेटीतल्या माश्या पराग कमी गोळा करतात, आणि बागाईतदार भाडे देतो ते परागीभवनासाठी. बाहेरून पेटी गजबजलेली दिसते. त्याला काय कळणार? मालातला ऐब सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक, हे आपल्याकडे जुमा चुकवणाराही जाणतो. 'अजून खात्री नाही' ही सबब इथे फार सोयीची आहे. संशयावरून पेटीचा निवाडा करू नये, हे खरे. पण तोच संशय ज्याच्या पैशाशी निगडित आहे, त्याच्यापासून झाकणे ही सबुरी नव्हे, माप मारणे आहे. चौकट ठेवली त्याच दिवशी त्याला सांगावे, चौथ्या दिवशी पेटी उघडताना शेजारी उभे करावे. भाडे किती कापायचे, ते दोघांनी बांधावर बसून ठरवावे.