शिकारीची रायफल आणि मुक्या जिवाचा हक्क



पवित्र कुरआनातील सूरह माइदाच्या 94 व्या आयतीत ईमानधारकांना सांगितले आहे की, तुमच्या हातांच्या व भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीद्वारे अल्लाह तुमची परीक्षा घेईल. कोण त्याला न पाहताही त्याचे भय बाळगतो, हे त्यातून उघड होईल. हा संदर्भ इहरामचा आहे. परंतु त्यातील तत्त्व व्यापक आहे. शिकार टप्प्यात येणे हीच कसोटी आहे. भाल्याचा टप्पा काही पावलांचा होता. दुर्बीण लावलेल्या रायफलचा टप्पा शेकडो मीटरचा आहे. टप्पा वाढला, तशी जबाबदारीही वाढली.

आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, मोजके अपवाद वगळता, शिकारीस मनाई आहे. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याची आज्ञा आणि शिकारीचा उल्लेख एकत्र आला आहे. म्हणून देशाचा कायदा पाळणे हेही आपले धार्मिक कर्तव्य होय. मात्र दक्षिण आफ्रिका, नामिबिया अशा देशांत परवाना घेऊन शिकार करता येते. तिकडे जाण्याचा बेत आखणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो, तो रायफल कोणती घ्यावी हा. हा प्रश्न केवळ दुकानात सुटणारा नाही.

हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा की, अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीत, अनिवार्य केली आहे, जबह करतानाही सुरीला धार लावावी व जनावराला कमीत कमी त्रास द्यावा. सुरीच्या धारेचा जो न्याय, तोच रायफलला लागू आहे. नामिबियाच्या नियमांनुसार स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणासाठी गोळीची ऊर्जा किमान 1350 ज्यूल, कुडू व ऑरिक्ससाठी 2700 ज्यूल, तर रानम्हैस व हत्तीसाठी 5400 ज्यूल असावी लागते. दुर्बल गोळीने जखमी झालेला प्राणी झुडपात तडफडत राहतो. याउलट, केवळ मिरवण्यासाठी घेतलेली अतिशक्तिशाली रायफल खांद्याला असा धक्का देते की नवखा माणूस पुढच्या वेळी गोळी सुटण्याआधीच डोळे मिटतो आणि नेम चुकतो. कुडूसाठी .308 किंवा .30-06 पुरेशी असते. ज्या रायफलवर आपला हात बसला आहे, तीच योग्य. ज्या अंतरावर नेमाची खात्री नाही, त्या अंतरावरून गोळी न झाडणे हाही एहसानच. जखमी होऊन निसटलेल्या प्राण्याची किंमत शिकाऱ्याकडून वसूल केली जाते; पण पैसे भरल्याने त्या जिवाच्या वेदनेचा हिशेब चुकता होत नाही.

आता अधिक कठीण प्रश्न. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले की, अल्लाहचे नाव घेऊन मारलेले शस्त्र धारेने भेदून गेले तर शिकार खावी, आडवे लागून आघाताने प्राणी मेला तर खाऊ नये. मग गोळी भेदते की आघात करते? हनफी फिक्हचे थोर विद्वान इब्ने आबिदीन यांच्या मते तिला धार नसते. म्हणून जबह करण्यापूर्वी मेलेली शिकार हलाल नाही. त्यांचेच समकालीन, येमेनचे इमाम शौकानी यांच्या मते गोळी शरीर भेदते. म्हणून बिस्मिल्लाह म्हणून झाडल्यास शिकार हलाल ठरते.

दुसरे मत मानणाऱ्याचा मार्ग सरळ आहे: योग्य रायफल, शांत नेम आणि तत्काळ मृत्यू. पहिले मत मानणाऱ्याची मात्र कोंडी होते. प्राणी जागीच मेला तर तो मुरदार ठरतो. जबह करण्यासाठी तो जिवंत राहावा म्हणून मुद्दाम पायावर गोळी झाडली, तर एहसानचा भंग होतो. अशा वेळी कोणती रायफल या कोंडीतून सोडवील? कोणतीही नाही. इहराम सुटल्यावर शिकार करण्यास सांगणाऱ्या आयतीतून उलेमांनी अनुमती असा अर्थ घेतला आहे, सक्ती नव्हे. ज्याच्या घरी हलाल अन्न उपलब्ध आहे, त्याने हा जीव न घेण्यात कोणतेही कर्तव्य बुडत नाही. म्हणून रायफल निवडण्यापूर्वी आपल्या मसलकच्या जाणकार आलिमांना विचारून घ्यावे.

हेतूही तपासावा. मांस कोणाच्या मुखी जाणार, हे ठाऊक नसेल आणि भिंतीवर शिंगे टांगण्याचीच ओढ असेल, तर तेथे गरज नसून गर्व आहे. सजीवाला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे.

त्या निर्जन माळरानावर आपण चाप ओढला की नाही, हे पाहणारे कदाचित कोणी नसेल. परंतु आयतीत सांगितलेली कसोटी नेमकी तीच आहे. अल्लाह आपणा सर्वांना हाती आलेल्या सामर्थ्याचा योग्य वापर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.